राजपुत्रांची नीती आणि शाळकऱ्यांचे तात्पर्य

पंचतंत्र आणि हितोपदेश या दोन ग्रंथांतील प्राणिकथा आज लहान मुलांच्या कथा म्हणून ओळखल्या जातात, आणि मराठी घरांत त्यांची पहिली ओळख बहुधा शालेय वाचनातून किंवा रंगीत चित्रांच्या पुस्तकांतून होते. ही ओळख फार जुनी नाही. कथा प्राचीन असल्या, तरी त्यांना लाभलेला आठ-दहा वर्षांचा वाचक आणि कथेच्या शेवटी येणारे एका ओळीचे तात्पर्य या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील मुद्रणालय आणि सरकारी शिक्षणव्यवस्था यांच्याबरोबर स्थिरावल्या. त्याआधीच्या हजार-दीड हजार वर्षांत या कथांचा श्रोता बहुतेक वेळा राज्य करणारा किंवा पुढे राज्य करू पाहणारा माणूस होता.

पंचतंत्राच्या कथामुखात, म्हणजे ग्रंथाच्या प्रास्ताविक कथेत, ही गोष्ट उघडच सांगितली आहे. दाक्षिणात्य जनपदातील महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती याचे बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती हे तीन पुत्र शास्त्रविमुख निघाले, तेव्हा विष्णुशर्मा नावाच्या ब्राह्मणाने सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा केली आणि त्यासाठी मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश व अपरीक्षितकारक ही पाच तंत्रे रचली. ‘नीती’ हा शब्द येथे राज्य आणि व्यवहार चालवण्याचे शहाणपण या अर्थाने आला आहे. सत्य बोलावे, चोरी करू नये अशा सदाचाराच्या नियमांशी त्याचा संबंध दूरचा आहे. ग्रंथाच्या आरंभी ज्यांना वंदन केले आहे त्या नीतिकारांत मनू, बृहस्पती आणि शुक्र यांच्या पंक्तीत चाणक्यही आहे, आणि तिसऱ्या तंत्रातील कावळे व घुबडे यांचे मंत्री ज्या सहा उपायांचा खल करतात ते संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय व द्वैधीभाव, म्हणजे तह, युद्ध, चढाई, थांबून राहणे, बलवानाचा आश्रय आणि दुटप्पी धोरण, हे कौटिलीय अर्थशास्त्रातील षाड्गुण्य होय.

या ग्रंथाचा मूळ पाठ आज उपलब्ध नाही. काश्मीरमध्ये सापडलेले तंत्राख्यायिका हे रूप, पूर्णभद्र या जैन पंडिताने 1199 मध्ये सिद्ध केलेली विस्तृत प्रत, दक्षिणेतील संक्षिप्त पाठ आणि काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात केलेले पद्यरूपांतर अशा अनेक शाखांची तुलना करून योहानेस हेर्टेल आणि त्यांच्यानंतर फ्रँकलिन एजर्टन या विद्वानांनी मूळ ग्रंथाच्या स्वरूपाचा शोध घेतला. एजर्टन यांची पुनर्रचना 1924 मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथाचा काळ निश्चित सांगता येत नसला, तरी सहाव्या शतकात तो इराणच्या दरबारात पोचला होता, आणि तेव्हा तो नावाजलेला असल्याखेरीज तेथवर गेला नसता, हे उघड आहे.

कथा सांगण्याची पंचतंत्राची रीत आज विसरली गेली आहे, आणि शालेय पुस्तकांनी सर्वांत मोठा बदल तिच्यातच केला असल्यामुळे ती थोडी तपशिलात पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक तंत्राला एक चौकटकथा असते. त्या कथेतील पात्रे एकमेकांना पटवण्यासाठी, बजावण्यासाठी किंवा फसवण्यासाठी दुसऱ्या कथा सांगतात, आणि त्या कथांतील पात्रे कधीकधी तिसरी कथा सांगू लागतात. कथा सुरू होण्याआधी सांगणारे पात्र एक श्लोक म्हणते. हा कथाश्लोक असून त्यात पुढील प्रसंगाचा सूचक उल्लेख आणि त्यातून निघणारा निष्कर्ष असतो. ऐकणारा ‘ते कसे?’ असे विचारतो, मग कथा येते आणि शेवटी तोच श्लोक पुन्हा म्हटला जातो. म्हणजे बोध कथेच्या आधीच सांगितलेला असतो, आणि तो ग्रंथकाराचा नसून एका पात्राचा, त्याच्या त्या वेळच्या गरजेचा असतो.

ससा आणि सिंह यांची सर्वपरिचित कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भासुरक नावाच्या सिंहाला एका सशाने विहिरीतील त्याचेच प्रतिबिंब दाखवून बुडवले, ही गोष्ट शाळेत शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ असे शिकवण्यासाठी सांगितली जाते आणि मुलांची सहानुभूती साहजिकच सशाकडे जाते. पंचतंत्रात ही कथा सांगतो तो दमनक हा कोल्हा. अधिकारावरून दूर झालेल्या मंत्र्याचा हा मुलगा पिंगलक नावाच्या सिंहराजाच्या सेवेत परत शिरकाव करून घेतो, यमुनेकाठी मागे राहिलेल्या संजीवक नावाच्या बैलाची आणि सिंहाची मैत्री तोच जुळवून देतो, आणि ती मैत्री स्वतःच्या महत्त्वाला बाधक ठरू लागली की ती तोडण्याचा बेत आखतो. त्याचा जोडीदार करटक त्याला विचारतो की सिंह आणि बैल दोघेही बलवान असताना तू हे करणार कसे, आणि त्यावर दमनक प्रथम कावळ्याच्या जोडीने सोन्याच्या हाराच्या युक्तीने सापाला मारवले ती कथा सांगतो, तिच्या पोटात बगळा आणि खेकडा यांची कथा येते, आणि मग ससा व सिंह यांची कथा येते. युक्तीचा महिमा सांगणारा हा वक्ता एका निष्पाप मैत्रीचा घात करण्यासाठी निघालेला आहे. त्याचा बेत सिद्धीस जातो, सिंह बैलाला ठार मारतो, नंतर पश्चात्ताप करतो, आणि दमनक त्याची समजूत घालून मंत्रिपदावर राहतो. पहिल्या तंत्राचे नाव मित्रभेद असून ते मैत्री कशी तोडली जाते हे दाखवते, आणि राजपुत्राने यातून घ्यायचा धडा दोन्ही अंगांनी घ्यायचा आहे: दमनकाची चाल ओळखता आली पाहिजे आणि गरज पडल्यास चालताही आली पाहिजे. कथेच्या या दुधारीपणात पंचतंत्राचे खरे सामर्थ्य आहे, आणि सुटी केलेली ससा-सिंहाची कथा त्याला पूर्णपणे मुकते.

काकोलूकीय तंत्रात हाच प्रकार युद्धनीतीच्या पातळीवर येतो. कावळ्यांचा राजा मेघवर्ण याचा वृद्ध मंत्री आपल्याच लोकांनी आपल्याला मारहाण करून टाकून दिले असे भासवून घुबडांचा राजा अरिमर्दन याच्या आश्रयाला जातो, रक्ताक्ष या एकाच घुबड-मंत्र्याला संशय येतो, पण त्याचा सल्ला झुगारला जातो, आणि अखेर शरणागत म्हणून घेतलेला कावळा घुबडांच्या गुहेच्या तोंडाशी काड्या साठवून सर्वांना जाळतो. शरणागताचे रक्षण करावे हा धर्म येथे घुबडांच्या नाशाचे कारण ठरतो. लहान मुलांसाठी असा शेवट निवडणारा शिक्षक आजही विरळाच सापडेल.

भारतात प्राणिकथेची दुसरी मोठी परंपरा बौद्ध जातककथांची आहे आणि तिचा स्वभाव यापेक्षा वेगळा आहे. जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा. पाली संग्रहात अशा 547 कथा आहेत आणि त्यांत बोधिसत्त्व कधी माकड, कधी हंस, कधी हत्ती होऊन येतो. माकड आणि मगर यांची कथा सुंसुमार जातकातही आहे आणि लब्धप्रणाश तंत्राची चौकटही तीच आहे, परंतु महाकपी किंवा छद्दंत यांसारख्या जातकांत प्राणी दुसऱ्यासाठी स्वतःचा जीव देतो, आणि असा त्याग पंचतंत्रात सहसा मूर्खपणाच ठरला असता. भारहूतच्या स्तूपावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात या कथा नावांसह कोरल्या गेल्या, आणि महाराष्ट्रात अजिंठ्याच्या 10व्या लेण्यातील छद्दंत जातक व 17व्या लेण्यातील छद्दंत, महाकपी आणि हंस जातके त्यांची साक्ष देतात. भिंतीवरची ही चित्रे भिक्षू, यात्रेकरू आणि दाते अशा सर्व वयांच्या लोकांसमोर होती. मुलांनाच सांगितलेल्या मराठी प्राणिकथेचा आढळ शोधायचा तर तेराव्या शतकातील महानुभाव वाङ्मयाकडे वळावे लागते: लीळाचरित्रात चक्रधरस्वामींनी सांगितलेली कावळा आणि साळई यांच्या घरांची गोष्ट ही आजच्या काऊ-चिऊच्या गोष्टीची पूर्वज असून तिच्यात कसलाही बोध जोडलेला नाही.

पंचतंत्राचा भारताबाहेरचा प्रवास वारंवार सांगितला गेला आहे. येथे त्यातला एकच धागा महत्त्वाचा आहे. खुसरो अनुशिरवान (531–579) या सासानी सम्राटाच्या आज्ञेने बुर्झोय नावाच्या वैद्याने त्याचे पहलवी भाषांतर केले, ते नष्ट झाले, पण त्यावरून सिरियाक आणि आठव्या शतकाच्या मध्यास अब्दुल्ला इब्न अल-मुकफ्फा याने केलेले अरबी भाषांतर टिकले, आणि करटक-दमनक या नावांवरून त्याला ‘कलीला व दिम्ना’ हे नाव मिळाले. अरबी ग्रंथात एक नवे प्रकरण आहे, आणि ते सामान्यतः इब्न अल-मुकफ्फाचीच भर मानले जाते: त्यात दिम्नावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. कपटी कोल्हा सुटला ही गोष्ट संस्कृत ग्रंथकाराला खटकली नव्हती. अब्बासी राजसत्तेच्या उंबरठ्यावर वावरणाऱ्या लेखकाला मात्र ती तशीच ठेवता आली नाही. पुढे हिब्रू आणि लॅटिन भाषांतरांतून ही कथामाला युरोपात गेली, 1570 मध्ये टॉमस नॉर्थ यांनी ती इंग्रजीत आणली, आणि ला फोंतेन यांनी 1678 च्या आपल्या संग्रहात भारतीय ऋषी पिल्पे याचे ऋण मान्य केले. हिंदुस्थानात ती फारसीतून परत आली: अकबराच्या इच्छेवरून अबुल फजल याने 1588 मध्ये ‘अयार-ए-दानिश’ सिद्ध केले. वैद्याला पाठवणारा सम्राट, दरबारी लेखक, बादशहाचा मंत्री अशी ही माणसे पाहिली, तर ग्रंथाचा वाचक कोठेही बदललेला नाही.

हितोपदेशाबाबत एक आक्षेप घेतला जाऊ शकतो, कारण कथेच्या मिषाने बालांना नीती सांगतो असे त्याचा कर्ता नारायण स्वतःच म्हणतो, आणि पंचतंत्राच्या कथामुखातही बालांच्या बोधासाठी हा ग्रंथ प्रवृत्त झाल्याचा उल्लेख काही पाठांत येतो. शास्त्रग्रंथांत मात्र ज्याने ते शास्त्र अजून शिकलेले नाही तो बाल, मग त्याचे वय काहीही असो. नारायणाचे बाल हे पाटलिपुत्राच्या सुदर्शन राजाचे पुत्र आहेत, आणि त्याने पंचतंत्राच्या पाच तंत्रांऐवजी मित्रलाभ, सुहृद्भेद, विग्रह आणि संधी असे चार भाग केले, त्यांतील शेवटचे दोन तर सरळ परराष्ट्रनीतीचे विषय आहेत. पूर्व भारतात धवलचंद्र नावाच्या आश्रयदात्याच्या प्रोत्साहनाने लिहिलेल्या या ग्रंथाचे सर्वांत जुने दिनांकित हस्तलिखित 1373 चे आहे. सुबोध संस्कृत आणि सुभाषितांची रेलचेल यांमुळे भाषा शिकणाऱ्यांना तो पंचतंत्रापेक्षा सोयीचा वाटला, आणि त्याच गुणामुळे तो कंपनी सरकारच्या दृष्टीस पडला. चार्ल्स विल्किन्स यांनी 1787 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि 1804 मध्ये तो सेरामपूरच्या मिशन छापखान्यात नागरी लिपीत छापला गेला.

मराठी मुद्रणाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत नीतिकथा ठळकपणे दिसतात, पण त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या वाचकांसाठी अवतरल्या. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798–1832) आपल्या छापखान्यात 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापून घेतली; सख्खण पंडितांनी केलेले हे इसापच्या कथांचे मराठी भाषांतर म्हणजे देवनागरीत छापलेल्या पहिल्या मराठी पुस्तकांपैकी एक होय. ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या छत्राखाली वाढलेल्या आणि युरोपीय विद्यांची ओढ असलेल्या या राजाने, तामिळ मुलखात, ग्रीक कथा मराठीत आणल्या, तेव्हा मराठी मुलखात अजून पेशवाई नांदत होती आणि तेथे छापखाना नव्हता. दुसरे ठिकाण सेरामपूर. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत यांच्याबरोबर मराठीही शिकवणारे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली त्यांचे पंडित वैजनाथ शर्मा यांनी सिद्ध केलेली ‘सिंहासन बत्तिशी’ 1814 मध्ये आणि ‘हितोपदेश’ 1815 मध्ये मोडी लिपीत छापले गेले. या पुस्तकांचे अपेक्षित वाचक कंपनीच्या नोकरीत नव्याने दाखल झालेले इंग्रज तरुण होते; त्यांना मराठी मुलखाचे दप्तर वाचायचे होते, म्हणून लिपी मोडी होती. विष्णुशर्म्याच्या परंपरेतला ग्रंथ अशा रीतीने पुन्हा एकदा भावी राज्यकर्त्यांच्या अभ्यासिकेत गेला, फक्त ते राजपुत्र परदेशी होते.

तिसरे आणि निर्णायक ठिकाण मुंबई. पेशवाईच्या अस्तानंतर चारच वर्षांनी, 1822 मध्ये, येथे ‘पंचोपाख्यान’ या नावाने पंचतंत्राचे मराठी रूप छापले गेले, त्यापाठोपाठ 1823 मध्ये ‘विदुरनीती’ आली, आणि त्याच काळात गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने शालेय पुस्तके तयार करणारी संस्था स्थापन झाली. त्यापूर्वीच्या पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पाढे व हिशेबांची उजळणी करीत आणि मोडी कित्ता वळवीत. वाचनासाठी गोष्टींचे पुस्तक ही वस्तूच नव्हती, गोष्टी घरी आजीकडून, देवळातल्या पुराणातून किंवा कीर्तनातून कानावर पडत. नव्या शाळांना वाचनपुस्तक हवे होते, ते धर्मनिरपेक्ष हवे होते, कारण सरकारला मिशनऱ्यांचे धर्मग्रंथही नको होते आणि पुराणेही नको होती, आणि त्यात सदाचार शिकवलेला हवा होता. या तिन्ही अटींत इसापच्या प्राणिकथा चपखल बसल्या. संस्थेत काम करणारे सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इंग्रजीवरून केलेले ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके 1828 मध्ये निघाली. यांतील ‘बाळमित्र’ मूळ बेर्कें या फ्रेंच लेखकाचे असून त्यात चांगल्या व वाईट मुलांच्या गोष्टी आहेत, आणि मूल हाच वाचक आणि मूल हाच नायक ही कल्पना मराठीत त्याने रुजवली.

इसापच्या कथेची बांधणी पंचतंत्राच्या उलट आहे. ती एकटी उभी असते, तिला चौकट नसते, ती कोण कोणाला कशासाठी सांगतो हे विचारण्याची सोय नसते, आणि शेवटी स्वतंत्र ओळीत तात्पर्य येते. शाळेत परीक्षा घेण्यास ही बांधणी फार सोयीची ठरली: गोष्ट सांग, मग तात्पर्य सांग. पुढे मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या क्रमिक पुस्तकांपासून आजतागायत पंचतंत्राच्या कथाही याच साच्यात घातल्या गेल्या. माकडाने मगरीला चकवले ते प्रसंगावधान, हंसांनी उचलून नेलेले कासव बोलल्यामुळे पडले ते वाचाळपणाचे फळ, ब्राह्मणीने मुंगसाला मारले तो अविचार, असा प्रत्येक कथेला एकेक गुण किंवा दोष नेमून देण्यात आला. दमनक, रक्ताक्ष, तिसऱ्या तंत्रातले मंत्रिमंडळ हे सर्व बाहेर राहिले, कारण ते चौकटीचा भाग होते आणि चौकटच मोडली होती. विणकराने विष्णूचे सोंग घेऊन राजकन्येकडे जाणे किंवा न्हाव्याच्या बायकोचे नाक कापले जाणे असे प्रसंग गाळले गेले. मुलांसाठी ते गाळणे योग्यच होते, पण मूळ ग्रंथ कोणासाठी होता याचा पुरावाही त्यांच्याबरोबर नाहीसा झाला.

ही तक्रार फार ताणू नये. सुट्या झालेल्या कथा दूरवर पोचल्या, ज्यांच्या वाडवडिलांना संस्कृत ग्रंथ उघडण्याचा अधिकारच नव्हता त्या घरांतही पोचल्या, आणि ‘बाळमित्र’ व ‘इसापनीती’ यांच्या ओघात मराठी गद्याला छोटी, सरळ वाक्ये लिहिण्याची जी सवय लागली तिचे मोल कमी नाही.

संपूर्ण पंचतंत्र संस्कृतात वाचणारा विद्यार्थी मात्र याच काळात वेगळ्या वाटेने तयार होत होता. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 मध्ये झाल्यानंतर एल्फिन्स्टन कॉलेजातील गेओर्ग ब्यूलर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील फ्रान्ट्स कीलहॉर्न या दोन जर्मन प्राध्यापकांनी ‘बॉम्बे संस्कृत सिरीज’ ही ग्रंथमाला सुरू केली, आणि 1868 मध्ये निघालेला तिचा पहिला अंक म्हणजे ब्यूलर यांनी टिपांसह संपादित केलेले पंचतंत्राचे चौथे व पाचवे तंत्र होय. दुसरे व तिसरे तंत्र ब्यूलर यांनी, तर पहिले कीलहॉर्न यांनी नंतर छापले. मालिकेतील क्रमांक पाहिले, तर आकाराने लहान असलेली शेवटची तंत्रे सर्वांत आधी आणि मित्रभेद सर्वांत शेवटी आले आहे. पुढे मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्यासारख्या संपादकांनी पंचतंत्र आणि हितोपदेश यांच्या टीका व भाषांतरासह विद्यार्थी-आवृत्त्या काढल्या, आणि परीक्षेला बसणारे तरुण दमनकाच्या भाषणांतील समास सोडवू लागले.